पाचशे आठ सामने, सगळे दुसऱ्या दर्जाचे

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर फुटबॉलचं समालोचन ऐकताना एक गंमत कधी लक्षात आली आहे का? गोल मारणाऱ्याचं नाव चारदा कानावर पडतं, गोलकीपरचं दोनदा. बचावफळीतल्या उजव्या बॅकचं नाव मात्र बहुतेक वेळा तो चुकला तरच येतं. नव्वद मिनिटं त्यानं काम चोख केलं, तर ऐकणाऱ्याच्या लेखी तो मैदानात नव्हताच. आज मला अशाच एका माणसाबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव विली लांडग्राफ.

जर्मनीतल्या रुर खोऱ्यात, मुल्हाइम गावी, १९६८ साली त्याचा जन्म झाला. रुर म्हणजे कोळशाच्या खाणी, पोलादाच्या भट्ट्या आणि दर दहा-पंधरा किलोमीटरवर एक फुटबॉल क्लब. गड्याची उंची १६६ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम साडेपाच फूट. बचावपटू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडमाड माणूस उभा राहतो. हा त्यातला नव्हे. खेळायचा उजव्या कडेला, समोरच्या विंगरच्या पायात पाय घालत, पुन्हा उठून धावत.

जर्मनीत सगळ्यात वरची लीग म्हणजे बुंडेसलीगा. तिच्या खालची दुसरी बुंडेसलीगा १९७४ साली सुरू झाली. या दुसऱ्या लीगमध्ये लांडग्राफ ५०८ सामने खेळला. त्याआधीचा विक्रम ४७९ सामन्यांचा होता, होआकिन मोंतान्येस या खेळाडूच्या नावावर. एका हंगामात एका संघाचे ३४ सामने होतात. भागाकार करून बघा. एकही सामना न चुकवता कोणी खेळला, तरी हा आकडा गाठायला जवळजवळ पंधरा वर्षं लागतील. आणि वरच्या बुंडेसलीगेत तो किती खेळला? एकही नाही. शून्य.

हे शून्य ऐकून हळहळायची आपल्याला सवय आहे. ‘बिचारा, थोडक्यात राहिला’ असं आपण लगेच म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. दुसरी लीग ही काही वरच्या लीगची प्रतीक्षायादी नव्हे. तिथंही पगार होता, रविवारी दुपारी पावसात उभे राहणारे प्रेक्षक होते आणि नोकरी टिकवायची रोजची धडपड होती.

ती धडपड कसली, तेही सांगतो. त्याचा सुरुवातीचा क्लब रोट-वाइस एसेन. १९५५ सालचा जर्मन विजेता. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल मारणारा हेल्मुट रान याच एसेनचा. एवढं मोठं घराणं, पण तिजोरीत खडखडाट. जर्मनीत दर वर्षी क्लबचे हिशेब तपासून खेळायचा परवाना देतात. १९९४ साली हा क्लब जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला, वेर्डर ब्रेमेनकडून ३-१ नं हरला, आणि त्याच हंगामात परवाना गमावून तिसऱ्या दर्जाला घसरला. मैदानात तुम्ही कितीही घाम गाळा, खातेवहीत क्लब बुडाला की तुम्हीही त्याच्यासोबत खाली.

मग गाठोडं उचलायचं आणि दुसरं गाव गाठायचं. लांडग्राफ होम्बुर्गलाही खेळला. फ्रान्सच्या सीमेजवळच्या जारलांडमधला हा लहानसा क्लब. ऐंशीच्या दशकात या क्लबनं जर्सीवर चक्क निरोधाच्या कंपनीची जाहिरात घेतली होती आणि फुटबॉल महासंघाचं पित्त खवळलं होतं! पुढं ग्युटर्सलो. तोही क्लब १९९९ मध्ये दुसऱ्या लीगमधून खाली गेला आणि पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत बुडाला.

१९९९ च्याच उन्हाळ्यात लांडग्राफ आखेनला आला. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला खेटलेलं हे शहर. क्लबचं नाव अलेमानिया, मैदानाचं नाव टिवोली. जुनं टिवोली म्हणजे मैदानाला अगदी चिकटून उभे राहायचे कठडे. थ्रो-इन घेणाऱ्याला पाठीमागच्या माणसाची शिवी शब्दन् शब्द ऐकू यावी, इतकं जवळ. उजव्या बॅकचं अख्खं आयुष्य त्या कडेच्या रेषेवर जातं. त्यामुळे आखेनकरांना तो कुणाहीपेक्षा जवळून दिसला. तिथं तो सात हंगाम टिकला.

फेब्रुवारी २००४ मध्ये याच टिवोलीवर दुसऱ्या लीगमधल्या आखेननं जर्मन चषकात बायर्न म्युनिकला २-१ नं घरी पाठवलं. उपांत्य फेरीत शेजारच्या मोंशनग्लाडबाखला हरवलं. बर्लिनच्या अंतिम सामन्यात पुन्हा समोर वेर्डर ब्रेमेन, पुन्हा हार, या वेळी ३-२. पण ब्रेमेननं लीगही जिंकलेली असल्यानं युरोपीय स्पर्धेतली चषकविजेत्याची जागा आखेनला मिळाली. दुसऱ्या दर्जाचा क्लब युएफा चषकाच्या गटात स्पेनचा सेव्हिया, रशियाचा झेनित अशांच्या पंक्तीला बसला. तोवर लांडग्राफनं छत्तिशी गाठली होती.

आणि मग २००६ चा मे महिना. आखेन दुसरं आलं आणि तब्बल ३६ वर्षांनी बुंडेसलीगेत चढलं. शहरभर जल्लोष. लांडग्राफ ३७ वर्षांचा. ज्या दारापर्यंत तो पाचशे आठ सामने चालत आला, ते दार उघडलं, क्लब आत गेला, आणि हा मात्र वळून रुरमधल्याच शाल्के क्लबच्या राखीव संघात दाखल झाला. तिथं होतकरू पोरांच्या बरोबरीनं त्यांच्या बापाच्या वयाचा हा बॅक खालच्या लीगमध्ये खेळत राहिला.

आखेन वर एकच हंगाम टिकलं. २००७ मध्ये ते पुन्हा दुसऱ्या लीगमध्ये आलं. लांडग्राफ शाल्केतच राहिला, आणि बूट काढल्यावर तिथल्याच मुलांना शिकवू लागला.

नमस्कार.