मामांचा हिशोब न हलवता: एका लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीची पोती उतरायला लागली की इथं कपड्यांना, वह्यांना, अगदी लॅपटॉपच्या कीबोर्डलासुद्धा पिवळा रंग चढतो. हा लॅपटॉप माझ्या मामांचा, अडत दुकानाचा सगळा हिशोब ह्याच्यावर टॅलीत आहे आणि टॅलीला विंडोज लागतं. संध्याकाळी तोच लॅपटॉप विश्रामबागला घरी येतो तेव्हा मामेबहिणीला त्याच्यावर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, पाहिजे असतं, कारण ती इंजिनिअरिंगला आहे आणि प्रॅक्टिकल्स लिनक्सवर चालतात. दुसरा लॅपटॉप आत्ता परवडत नाही.

मामा एवढंच म्हणाले, "काय करायचं ते कर बाबा, पण माझा हिशोब तेवढा हलता कामा नये."

त्यांची भीती खरी आहे. कॉलेजात असताना मी घरच्या कॉम्प्युटरवर घाईत लिनक्स टाकलेलं, "इरेज डिस्क" म्हणजे सगळी डिस्क पुसायच्या ऑप्शनवर टिक आहे हे न वाचताच पुढं पुढं करत गेलो आणि ताईच्या लग्नाचे फोटो गेले, दुसरीकडं कॉपी नव्हती. आई अजून तो विषय काढत नाही.

म्हणून आज पहिलं काम बॅकअप. टॅलीचा डेटा, बिलं, फोटो, सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि नुसतं कॉपी करून भागत नाही, ती डिस्क शेजारच्या कॉम्प्युटरला लावून फाइल्स उघडतात का ते बघितलं.

आता हे नीट बघा, कारण लोक इथंच अडकतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोज डिस्कला आपोआप कुलूप लावून ठेवतं, बिटलॉकर म्हणतात त्याला, आणि मालकाला पत्ताच नसतो. बूटच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लागला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसली तर डेटा समोर असून उघडत नाही. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला सेव्ह असते, आम्ही तिथून काढली, बहिणीनं वाचली, मामांनी वहीत लिहिली, परत एकदा ताळा केला. मग बिटलॉकर बंद केलं, डिस्क पूर्ण डीक्रिप्ट होईपर्यंत, म्हणजे कुलूप निघेपर्यंत, थांबलो, चहा झाला मधल्या वेळात.

फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असलं की शटडाऊन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तेवढ्यात लिनक्सनं त्याच्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइल्स खराब होऊ शकतात.

जागा मात्र विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी केली. उबंटूला निदान २५ जीबी लागतात, आम्ही ८० काढले, कारण तिचे प्रोजेक्ट वाढणारच. ती जागा तशीच मोकळी सोडली, फॉरमॅट केली नाही.

लाइट जायचा भरवसा नाही, तेव्हा बॅटरी फुल आणि चार्जर इन्व्हर्टरच्या पॉइंटला. पेनड्राइव्हवरून आधी उबंटू नुसतं चालवून बघितलं, वायफाय, टचपॅड, आवाज, सगळं व्यवस्थित. मग इन्स्टॉल. "विंडोजच्या शेजारी" हा ऑप्शन बहिणीनं मोठ्यानं वाचला, मी वाचला, पुढच्या स्क्रीनवर कुठल्या जागेत काय जाणार तेही बघितलं आणि मगच बटण दाबलं. डिस्कवर ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन, म्हणजे वेगळा भाग, असतो, त्याला हात लावायचा नाही, दोन्ही सिस्टीम तिथूनच सुरू होतात. उद्या उबंटू नको झालं तरी त्याचं पार्टिशन थेट उडवायचं नाही, आधी बूट परत विंडोजवर आणायचं, नाहीतर सकाळी दुकानात ग्रबची, म्हणजे कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, काळी स्क्रीन दिसेल.

एक गोष्ट राहिलेली. लिनक्समधून परत विंडोजमध्ये आलो तर घड्याळ साडेपाच तास मागं, सकाळी ११ ला पहाटेचे साडेपाच. लिनक्स मशीनच्या घड्याळात युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं, म्हणून हा घोळ. लिनक्सला एका कमांडनं स्थानिक वेळ पाळायला लावलं. बिलावर चुकीची वेळ पडली असती की हो.

रात्री मामांनी स्वतः लॅपटॉप चालू केला. नावांची यादी आली, त्यांनी बाण खाली नेऊन विंडोज निवडलं, टॅली उघडलं आणि कालची शेवटची पट्टी वहीशी ताडून बघितली.

"बरोबर हाय," म्हणाले, आणि ते ४८ आकडे लिहिलेली वही उचलून तिजोरीत ठेवली.