बलुत्याची रास आणि क्यूआर कोड

श्रोतेहो, नमस्कार.

या शनिवार-रविवारी काय वाचावे, या प्रश्नाचे माझे उत्तर एका जुन्या शब्दापासून सुरू होते. तो शब्द म्हणजे बलुते, गावासाठी वर्षभर केलेल्या कामाबद्दल शेतकऱ्याच्या राशीतून मिळणारा धान्याचा वाटा. पैसा, तंत्रज्ञान आणि समाज हे आपण वेगवेगळे विषय मानतो. परंतु देणारा आणि घेणारा समोरासमोर आले, की कोणाचा शब्द चालतो आणि तोटा कोणाच्या पदरात पडतो, या एकाच प्रश्नापाशी ते तिन्ही येऊन ठेपतात.

सुरुवात त्रिंबक नारायण अत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथापासून करावी. खळ्यावर धान्याची रास तयार झाली, की वर्षभर नांगर दुरुस्त करणारा सुतार, फाळाला धार लावणारा लोहार, हजामत करणारा न्हावी आणि गावकीची नाना कामे करणारा महार आपापला वाटा घ्यायला येत. रोख पैशाचा संबंध थोडाच. हिशेब चाले तो रिवाजाने. कुणब्याच्या राशीवर किती हक्कदारांचे हात पडत, हे अत्रे इतक्या बारकाईने सांगतात, की ‘स्वयंपूर्ण खेडे’ हे आपल्या मनातले गोजिरे चित्र पुसून जाते. भाषा जुनी आहे, म्हणून घाई करू नये. फिरस्त्या जमातींविषयी अत्रे लिहितात तेव्हा मात्र त्यांच्यातला सरकारी अधिकारी बोलतो, आणि ती पाने मला आजही बोचतात.

म्हणूनच ‘गावगाडा’ मिटल्यावर लगेच दया पवार यांचे ‘बलुतं’ उघडावे, असा माझा आग्रह आहे. १९७८ साली आलेल्या या आत्मकथनात लेखक दगडू मारुती पवार या आपल्याच जुन्या रूपाशी बोलतो. अत्र्यांच्या ग्रंथात जो हक्क म्हणून नोंदला गेला, तोच वाटा मागायला दारात उभे राहणाऱ्या माणसाला काय वाटत असे, हे येथे कळते. गावातून मुंबईच्या कावाखाना या वस्तीपर्यंतचा तो प्रवास वाचताना, रोख मजुरीचे शहर माणसाला काय देते आणि काय देत नाही, हेही उमगते. ही दोन पुस्तके एकत्र वाचली नाहीत, तर दोन्ही अर्धीच वाचली, असे मी म्हणेन.

ज्यांना आकड्यांची भीती वाटत नाही, त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध हाती घ्यावा. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र इंग्रजी लेखनाच्या सहाव्या खंडात तो आहे. चलनाची किंमत ढळली, की गरिबाच्या ताटातले अन्न कमी होते, ही चिंता त्यातल्या कठीण युक्तिवादामागे जाणवते. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू प्राध्यापक कॅनन यांनी आपला मतभेद तेथेच मोकळेपणाने नोंदवला आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी मेथीची जुडी पिशवीत टाकतात, पण हात पिशवीवरच ठेवतात. शेजारचे छोटे यंत्र रक्कम जमा झाल्याचे बोलले, की मगच पिशवी सोडतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने हा भरवसा यंत्राच्या आवाजावर आणून ठेवला आहे. आमच्या शेजारच्या काकांनी मात्र जुने कपाट विकताना ‘पैसे जमा होण्यासाठी पिन टाका’ या बतावणीवर विश्वास ठेवला आणि खाते रिकामे झाले. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. रिझर्व्ह बँकेने अशाच फसवणुकींच्या चाळीस छोट्या गोष्टींची एक सचित्र पुस्तिका २०२२ साली इंग्रजीत काढली आहे. त्यात राजू नावाचा साधा माणूस प्रत्येक वेळी नव्या सापळ्यात सापडतो. ती विनामूल्य मिळते. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यातल्या दोन-चार गोष्टी मराठीत समजावून सांगाव्यात. आणि तशी फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा असतो, हेही त्याच वेळी त्यांच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे.

नमस्कार.