पुरे की अपुरे? जीमॅटच्या एका प्रश्नप्रकाराविषयी

आजच्या व्याख्यानाचा विषय 'जीमॅटचे गुण कसे ठरतात' असा जाहीर झाला आहे आणि तो मीच दिलेला असल्यामुळे त्याचे खापर संयोजकांवर फोडता येणार नाही. तरीही गुणांकडे वळण्यापूर्वी एमबीएसारख्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांच्या या प्रवेशपरीक्षेतल्या एका प्रश्नप्रकाराबद्दल मला थोडे बोलायचे आहे, कारण तो एक प्रकार नीट उमगला की परीक्षेचा स्वभाव कळतो, असे माझे फार दिवसांचे मत आहे. माझे 'थोडे' किती असते हे पुढच्या रांगेतल्या जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मला इथून दिसते आहे.

इतिहास तुम्हा बहुतेकांच्या परिचयाचा आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ व्यवस्थापन-शाळांचे प्रतिनिधी ईटीएस या चाचणीसंस्थेबरोबर एकत्र बसले, १९५४ मध्ये पहिली परीक्षा झाली आणि 'अ‍ॅडमिशन टेस्ट फॉर ग्रॅज्युएट स्टडी इन बिझनेस' हे दम लागणारे नाव १९७६ मध्ये टाकून देऊन आजचे नाव आले. १९९७ पासून ती संगणकावर आणि उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे बदलत जाणाऱ्या रूपात होऊ लागली. सध्याचे रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आले आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी जुने बंद झाले. त्यात निबंध गेला, वाक्यदुरुस्ती गेली आणि भूमितीही गेली; भूमितीसाठी अश्रू ढाळणारा उमेदवार मला अजून भेटायचा आहे. आता क्वांटचे (म्हणजे गणिताचे) २१, व्हर्बलचे (वाचन आणि तर्काचे) २३ आणि डेटा इनसाइट्सचे (दिलेली माहिती पारखण्याचे) २० असे ६४ प्रश्न असतात आणि प्रत्येक विभागाला ४५ मिनिटे मिळतात.

या तिसऱ्या विभागात डेटा सफिशियन्सी नावाचा जो प्रकार आहे, तोच माझा आजचा खरा विषय. पूर्वी तो क्वांटमध्ये असे. त्यात एक प्रश्न दिलेला असतो आणि त्याखाली दोन विधाने असतात. तुम्ही प्रश्नाचे उत्तर काढायचे नसते. उत्तर काढण्यासाठी ही विधाने पुरेशी आहेत की नाहीत, एवढेच सांगायचे असते. पाच पर्याय कायमचे ठरलेले आहेत: फक्त पहिले विधान पुरते तो 'ए', फक्त दुसरे पुरते तो 'बी', दोन्ही मिळूनच पुरतात तो 'सी', प्रत्येक एकेकटे पुरते तो 'डी' आणि दोन्ही मिळूनही पुरत नाहीत तो 'ई'.

मराठीत 'पुरे' हा एक विलक्षण शब्द आहे. तो प्रश्नार्थक उच्चारला तर 'एवढ्यात भागेल का' असा अर्थ होतो आणि ठामपणे उच्चारला तर 'आता थांबा' असा होतो. या प्रश्नप्रकाराचे सारे मर्म त्या दोन अर्थांच्या मध्ये आहे. माहिती पुरे का, हे ज्या क्षणी कळले त्या क्षणी स्वतःला 'पुरे' म्हणून हात थांबवायचा असतो, आणि शाळेत वर्षानुवर्षे गणिते शेवटपर्यंत सोडवून उत्तराखाली दोन रेघा ओढलेल्या माणसाला ते भयंकर जड जाते. पाठ्यपुस्तकातल्या गणिताचा एक अलिखित करार असतो: दिलेली माहिती नेमकी लागेल तेवढीच असते, आणि तुम्ही तिचा एखादा तुकडा वापरला नाही तर समजावे की गणित चुकले. इथे तो करार मोडलेला असतो आणि तो मोडला आहे हे मनाच्या तळापर्यंत पोहोचायला काही महिने लागतात.

माझी स्वतःची फजिती सांगते. मी जुन्या रूपातली परीक्षा दिली, तेव्हा क्वांटला ७५ मिनिटांत ३७ प्रश्न असत, म्हणजे एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटे, आणि एकदा उत्तर पक्के केले की मागे वळण्याची सोय नव्हती. परीक्षाकेंद्रात सगळे सामान लॉकरमध्ये ठेवायला लावतात, तळहाताच्या शिरांचा ठसा घेतात आणि कच्च्या कामासाठी लॅमिनेट केलेल्या पिवळ्या पानांची वही व एक मार्कर देतात. त्या मार्करने लिहिलेले बोट लागले की फिसकटते, ही माहिती कुणी आधी देत नाही. प्रश्न बाहेर फोडणार नाही अशी हमी मी तिथे दिली असल्यामुळे मला आलेला प्रश्न सांगता येत नाही, परंतु त्याच जातीचा एक मी घरी रचला आहे; मला तोच आला होता असे धरून चाला. एका गोदामात काही पेट्या ७ किलोच्या आणि बाकीच्या ११ किलोच्या आहेत. ११ किलोच्या पेट्या किती? पहिले विधान: सर्व पेट्यांचे मिळून वजन १०० किलो आहे. दुसरे विधान: एकूण पेट्या १२ आहेत.

मी काय केले असेल, ते तुम्ही ओळखले असेलच. अव्यक्ते दोन, म्हणून समीकरणे दोन हवीत, हा शाळेतला मंत्र म्हणत मी दोन्ही समीकरणे मांडली, ती सोडवली, ११ किलोच्या ४ आणि ७ किलोच्या ८ असे उत्तर काढले, ताळाही करून पाहिला, ४४ आणि ५६ मिळून १००, आणि मोठ्या समाधानाने 'सी' निवडला. जिना उतरताना तिसऱ्या की चौथ्या पायरीवर लक्षात आले की पेट्या अर्ध्या-पाव असू शकत नाहीत. शंभरातून ११, २२, ३३ असे वजा करत गेले तर उरलेल्या संख्येला ७ ने भाग जातो तो फक्त ४४ वजा केल्यावर. म्हणजे पहिले विधान एकटेच पुरेसे होते आणि योग्य पर्याय 'ए' होता. मी उत्तर अचूक काढले होते आणि प्रश्न चुकवला होता. क्लासच्या बोलीत याला 'सी ट्रॅप' म्हणतात. दोन्ही विधाने एकत्र केल्यावर गणित इतके सुखाने सुटते की ती वेगवेगळी तपासायची राहूनच जातात.

याच्या उलटा सापळाही आहे. आता सभागृहाची परीक्षा घेते. एका पिशवीत फक्त लाल आणि निळे चेंडू आहेत, लाल किती? पहिले विधान: लाल व निळ्यांचे गुणोत्तर ३:५ आहे. दुसरे विधान: एकूण चेंडू ५० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी आहेत. 'ई' म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत. (बरेच हात वर झाले.) हात वर केलेल्यांचे आभार, कारण तुमच्याशिवाय हे व्याख्यान फसले असते. गुणोत्तर ३:५ असेल तर एकूण संख्या ८ च्या पटीत असलीच पाहिजे, आणि ५० ते ६० च्या मध्ये ८ ची पट एकच आहे, ५६. म्हणून लाल २१ आणि पर्याय 'सी'. दुसरे विधान मोघम दिसले म्हणून आपण ते निकामी ठरवले; मोघम माहिती आणि अपुरी माहिती यांत फरक असतो.

तिसरा प्रकार तर भाषेचाच आहे. क्ष हा ५ पेक्षा मोठा आहे का, असा प्रश्न असेल आणि विधान म्हणत असेल की क्ष हा ३ पेक्षा लहान आहे, तर उत्तर ठाम 'नाही' असे येते. ठाम 'नाही' हेही पूर्ण उत्तर आहे, म्हणून विधान पुरेसे आहे. नकार मिळाला की आपला शोध फसला असे वाटण्याची सवय इतकी खोल असते की चांगले हुशार उमेदवार इथे 'अपुरे' म्हणून मोकळे होतात.

जाता जाता या विभागाची एक गंमत. क्वांट विभागात कॅल्क्युलेटर मिळत नाही. डेटा इनसाइट्समध्ये पडद्यावर मिळतो. तक्ते आणि आलेख वाचायला तो लागतो हे खरे. पण जिथे हात आवरायचा, नेमक्या त्याच विभागात हाताशी यंत्र ठेवले आहे. डाएट करणाऱ्याच्या पुढ्यात ताट वाढून ठेवावे, तसे झाले.

आणि हीच कसोटी व्हर्बलमध्ये वेष बदलून येते. एका कारखान्यात नवी यंत्रे बसवली आणि उत्पादन वाढले, म्हणून वाढ यंत्रांमुळे झाली, असा युक्तिवाद क्रिटिकल रीझनिंग या युक्तिवाद तपासायच्या प्रश्नप्रकारात दिलेला असतो. त्याच काळात कामगारांची संख्या वाढलेली नव्हती, हे गृहीत धरल्याखेरीज तो उभा राहत नाही. निष्कर्षाला काय कमी पडते, हाच प्रश्न आहे. व्यवस्थापकाला रोज हेच ठरवावे लागते: हाती असलेल्या माहितीवर निर्णय घ्यायचा की आणखी एक पाहणी करवायची आणि तिचा खर्च व उशीर सोसायचा.

आता एक जुनी तक्रार, आणि ती गुणांशी संबंधित असल्यामुळे विषयाला धरूनच आहे. मी ज्या क्लासला जात होते तिथले सर फळ्यावर '१ ते १०' असे लिहून त्याभोवती तीन वर्तुळे काढत आणि सांगत, 'हे दहा सोन्याचे, बाकीचे पितळेचे.' संगणक पहिल्या दहांवरूनच तुमची लायकी ठरवतो, मग वेळ तिथेच ओता, असा त्यांचा उपदेश होता. मी आज्ञाधारक होते. पहिल्या दहा प्रश्नांना मी ३२ मिनिटे दिली, उरलेल्या २७ प्रश्नांसाठी माझ्याकडे ४३ मिनिटे उरली, आणि शेवटचे पाच प्रश्न मी पाहिलेसुद्धा नाहीत. विभाग अपुरा सोडल्याबद्दल गुण कापले जातात, हे त्या तीन वर्तुळांत कुठेच नव्हते. निकाल पाहून सर म्हणाले, 'तुमचे पहिले दहा चुकले असणार.' यावर काय बोलावे, हे मला अजून सुचलेले नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेला विषय अजून दाराबाहेर उभा आहे, म्हणून आता भरभर सांगते.

शितावरून भाताची परीक्षा ही आपली म्हण घ्या आणि तिच्यात एक बदल करा: पहिले शीत चाचपल्यावर दुसरे कुठून उचलायचे, ते त्यावरून ठरते. प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधीच मोजलेली असते, आणि त्यासाठीच गुण नसलेले काही चाचणीप्रश्न खऱ्या प्रश्नांत मिसळलेले असतात. कोणते ते तुम्हाला कळत नाही. बरोबर उत्तर आले की तुमच्या क्षमतेचा अंदाज वर सरकतो आणि पुढचा प्रश्न सामान्यतः कठीण येतो, चूक झाली की उलट. तुम्ही नक्की सोडवाल किंवा नक्की चुकवाल अशा प्रश्नातून परीक्षेला काहीच कळत नाही, म्हणून ती तुमच्या ताकदीच्या काठावरचे प्रश्न शोधत राहते. परिणामी उत्तम उमेदवाराचेही बरेच प्रश्न चुकतात आणि पेपर सगळ्यांनाच अवघड गेल्यासारखा वाटतो. गुण ठरतात ते कोणत्या पातळीचे प्रश्न सुटले यावरून. किती सुटले याची नुसती बेरीज त्यात चालत नाही. सुरुवातीला अंदाज मोठ्या उड्या मारतो, हे खरे आहे, पण पुढचे प्रश्न तो दुरुस्त करत जातात, त्यामुळे पितळेचे कोणतेच नाहीत. नव्या रूपात विभाग संपल्यावर वेळ उरला तर खुणा करून ठेवलेल्या प्रश्नांकडे परत जाता येते आणि जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात.

तिन्ही विभागांना प्रत्येकी ६० ते ९० गुण असतात आणि तिघांचे वजन सारखे धरून २०५ ते ८०५ असे एकूण गुण तयार होतात. शेवटचा अंक नेहमी ५ असतो, म्हणजे जुन्या २०० ते ८०० च्या गुणांशी गल्लत होऊ नये. ही गल्लत तरीही रोज होते: नव्यातले ६४५ हे जुन्यातल्या ७०० च्या आसपासचे आहेत, आणि ६४५ मिळाले म्हणून घरी सुतक पाळणारे मी पाहिले आहेत. गुणांबरोबर पर्सेंटाइल पाहावा. तुमच्याहून कमी गुण मिळवणारे शेकड्यात किती, ते तो सांगतो. परीक्षा देणारे बदलतात तसा तो बदलतो, तुमचे गुण मात्र तेच राहतात.

शेवटचा मुद्दा मोजमापाच्या चुकीचा. एकूण गुणांत साधारण ३० ते ४० गुणांची प्रमाण त्रुटी धरली जाते. तीच व्यक्ती तेवढ्याच तयारीने पुन्हा बसली तर आकडा तितका इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून ६४५ आणि ६६५ या दोन उमेदवारांत कोण सरस, असे कुणी निव्वळ गुणांवरून विचारले, तर त्याला माझे उत्तर 'ई' आहे. पुन्हा बसायचे असेल तर मध्ये १६ दिवस जावे लागतात, बारा महिन्यांत पाचदा बसता येते आणि गुण पाच वर्षे चालतात. तेव्हा वीस गुणांसाठी पुन्हा बसू का, असे विचारणाऱ्या ज्या तीन चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या आहेत, त्यांना मी आधी हे विचारीन की सरावपरीक्षांत तुमचे आकडे सातत्याने किती येत होते. ते त्यांपैकी एकाही चिठ्ठीत लिहिलेले नाही.