मुलाखतीतलं पहिलं दीड मिनिट

श्रोतेहो, नमस्कार. शेगाव, बडनेरा, पुसद, सेवाग्राम अशा ठिकाणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्वतःविषयी सांगा.

नाव, गाव, शाखा एका वाक्यात आटपा. टक्केवारी अर्जात लिहिलेली असतेच. उरलेला वेळ आवडीला द्या. पण ‘मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे’ एवढ्यावर थांबलात, तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. काय बनवलं, कुठे बिघडलं आणि का, ते सांगा.

समजा, तुम्ही वावरातला ओलावा मोजणारं यंत्र केलंय. बाजारातला स्वस्त, दोन दातांचा सेन्सर ओल्या मातीत सतत चालू ठेवला की एका दाताचं तांबं झडत जातं. एका दाताकडून दुसऱ्याकडे वीज सतत एकाच दिशेने वाहते, त्याचा हा परिणाम. म्हणून वाचन घ्यायच्या वेळीच त्याला वीज द्यायची, किंवा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यायचा, म्हणजे ज्याचा धातू मातीला उघडा लागत नाही असा. त्यालाही खुणेच्या रेषेपर्यंतच मातीत रोवायचं. वरच्या सर्किटला पाणी लागलं की आकडे भलतेच येतात.

आपल्या काळ्या मातीची गोष्ट आणखी निराळी. ती वाळली की आकसते, भेगा पडतात, सेन्सरभोवती पोकळी होते. यंत्र मग हवाच मोजतं आणि जमीन कोरडीठाक असल्याचं सांगतं. उपाय सोपा आहे: भोकात त्याच मातीचा घट्ट चिखल भरून सेन्सर दाबून बसवायचा. आकडे जुळवायला पूर्ण वाळवलेली १ किलो माती घ्या, दर वेळी १०० मिली पाणी नीट कालवा आणि सेन्सरचा आकडा वहीत लिहा. ही वही मुलाखतीला सोबत असू द्या.

यंत्रात ईएसपी३२ ही वायफाय असलेली कंट्रोलर चिप वापरत असाल तर वायफाय चालू असताना तिच्या दुसऱ्या एडीसीच्या, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या, पिना वाचता येत नाहीत. सेन्सरची तार ३२ ते ३९ यांपैकी एका पिनेला जोडा. मुलं इथे तासन्‌तास प्रोग्रॅम तपासत बसतात आणि चूक निघते पिनेत.

माती कोरडी दिसली की यंत्राने पाणी सोडावं असं वाटत असेल, तर विहिरीवरची मोटर मात्र रिलेने, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचने, थेट चालू करायची नाही. ५ एचपीची थ्रीफेज मोटर चालताना साधारण ७ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. रिलेने मोटरच्या स्टार्टरमधली, मोटरचा मोठा स्विच ओढणारी कॉइल चालवायची, तीही आधी पाहून: कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते आणि बाजारातल्या छोट्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं. मधे योग्य क्षमतेचा आणखी एक रिले लागतो. स्टार्टरच्या पेटीत हात घालायचा तो मेन स्विच पाडून, वायरमनच्या देखतच.

बोलणं इंग्रजीत करायचं असेल तरी आधी मराठीत, घरच्यांना समजेल असं सांगून पाहा. नंतर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आणि तांबं झडलेला तो सेन्सर फेकू नका. टेबलावर ठेवलात, की पुढचा प्रश्न बहुतेक त्याच्यावरच येईल.