मात्रा वाढवण्याआधी

अध्यक्ष महोदय आणि अंबाजोगाईकर श्रोतेहो, थायरॉईडच्या गोळीचा डोस कसा साधावा हा आजचा जाहीर केलेला विषय आहे. परंतु डोस बदलण्याआधी आपण रुग्णाला त्याची सकाळ कशी जाते हे विचारतो का, हा प्रश्न मांडल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गोळ्यांची ती बाटली आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी किंवा शेजारी असल्यामुळे ‘थायरॉईड निघाला’ म्हणजे काय झाले, हे सांगण्यात मी फार वेळ घालवत नाही: गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आपले संप्रेरक कमी बनवू लागते आणि ते गोळीतून द्यावे लागते.

केज तालुक्यातील एक ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या फायलीत डोस पन्नासपासून पायरी पायरीने १५० मायक्रोग्रॅमपर्यंत चढलेला होता आणि टीएसएच, म्हणजे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारा, मेंदूकडून ग्रंथीला येणारा इशारा, जो साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा, तो १८ होता. ताईंचे वजन ५२ किलो. ग्रंथी जवळजवळ पूर्ण निकामी झाली, तरी प्रौढ माणसाला रोज किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतले संप्रेरक, पुरते. म्हणजे ताईंना फार तर ८३ लागायला हवे होते. मग १५० जात कुठे होते? गोळी कशी घेता, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “उठले की चहासंगं घेते की, डॉक्टरसाहेब. रक्तवाढीची, कॅल्शियमची, समद्या एकदाच घेऊन टाकते, म्हंजे इसर पडत न्हाई.”

मी जुन्या चिठ्ठ्या उलगडल्या. थायरॉईडच्या गोळीपुढे ‘१-०-०’, म्हणजे फक्त सकाळी एक, असे लिहिलेले होते, लोहाच्या गोळीपुढे ‘१-०-०’ आणि कॅल्शियमपुढेही तेच. ताई चिठ्ठीत लिहिले होते तंतोतंत तसेच वागत होत्या! लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, त्यामुळे त्यांच्यात चार तासांचे अंतर लागते. दुधाच्या चहानेही शोषण घटते. हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते, आणि प्रत्येक रिपोर्टनंतर डोस मात्र वाढत गेला होता. याचा मला आजही संताप येतो. हात वर करू नका, पण आज सकाळी कोणी कोणी गोळी चहासोबत घेतली, हे मला इथून चेहऱ्यांवर दिसते आहे.

१८९१ साली इंग्लंडमध्ये डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचून हाच आजार असलेल्या एका बाईला बरे केले आणि ती पुढे २८ वर्षे जगली. त्या काळी अर्कात औषध किती उतरले आहे, याचा नेमका हिशेब नव्हता. आज मायक्रोग्रॅमपर्यंत मोजलेली गोळी आपल्या हातात असते आणि ती आपण चहाच्या कपात घालवतो.

ताईंच्या बाबतीत नुसती वेळ बदलून भागणार नव्हते, कारण १५० पूर्ण शोषले गेले असते तर काही आठवड्यांतच छातीत धडधड आणि हाताला कंप सुरू झाला असता. म्हणून डोस ७५ वर आणला, गोळी चूल पेटवण्याआधी नुसत्या पाण्यासोबत घ्यायला सांगितली, लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्री दिले. दोन महिन्यांनी टीएसएच ३ आला. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनाही मी हेच सांगतो: बाटली उशाशी ठेवा, डोळे उघडताच गोळी घ्या, भाकरी थापेपर्यंत अर्धा-पाऊण तास आपोआप जातो. मात्र बाटली पत्र्याखाली तापू देऊ नका, आपल्याकडच्या बेचाळीस अंशांत ती गोळी टिकत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय भराभर सांगतो. शरीरातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासून निष्कर्ष काढू नये. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्यावी. वृद्धांना आणि हृदयरोग्यांना १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. सत्तरीपुढे टीएसएच ४ ते ६ असला तरी चालते. अंगात जोम यावा किंवा वजन उतरावे म्हणून जास्त डोस घेणाऱ्यांचा टीएसएच फार खाली जातो, हृदयाची लय बिघडते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. टी-३ या थायरॉईडच्या दुसऱ्या संप्रेरकाची वेगळी गोळी बहुतेकांना लागत नाही, कारण शरीर थायरॉक्सिनपासून टी-३ स्वतः बनवते. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळे, म्हणून मनाने गोळी थांबवू नये.

शेवटचे, बसलेल्या लेकीसुनांसाठी. गोळी चालू असताना दिवस गेले, तर गरज पाव पटीहून अधिक वाढते आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. म्हणून मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. पाळी चुकून तपासणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू कराव्यात, असा सल्ला सहसा दिला जातो. त्याच आठवड्यात टीएसएच करून घ्या आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत तो दर चार आठवड्यांनी तपासा.