वाफेचं इंजिन रस्त्यावर आलं खरं, पण पाणी कुठून आणायचं?

नमस्कार मंडळी. ट्रॅक्शन इंजिन, म्हणजे रुळांशिवाय रस्त्यावरून ओझं ओढणारं वाफेचं इंजिन, म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कोळसा किती लागायचा हो? कोळशाचं सोडा. कोळसा गाडीवर भरून नेता येतो, संपत आला तर पुढच्या गावात विकत मिळतो. खरी मारामार पाण्याची. इंग्लंडमधे 1860 च्या सुमारास ही इंजिनं रस्त्यावर दिसायला लागली, म्हणजे थॉमस एव्हलिंगने 1859 मधे घोड्यांनी ओढायच्या एका इंजिनाला चाकापर्यंत साखळी लावून ते स्वतःच चालवलं, तेव्हापासून. आणि तेव्हापासून ही इंजिनं रस्त्यातून गेली ती एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर, असंच म्हणावं लागतं.

जरा हिशोब करू, कंटाळू नका. समजा इंजिन मागे दोन भरलेले ट्रेलर ओढतंय आणि खरोखरची वीसेक हॉर्सपॉवर देतंय. अशा साध्या इंजिनाला एका हॉर्सपॉवरला तासाला तेरा-चौदा किलो वाफ लागते, म्हणजे तासाला 260-270 लिटर पाणी गेलं. स्पीड ताशी 4 मैल. म्हणजे मैलाला पासष्ट-सत्तर लिटर! मागच्या टाकीत मावणार सातशे लिटर, कागदावर दहा मैल, पण टाकी कोरडी करून कोण चालवणार, त्यामुळे आठ मैल झाले की ड्रायव्हरची नजर ओढे शोधायला लागायची. आणि कोळसा? एक किलो कोळशात साधारण सहा-सात किलो पाण्याची वाफ होते, म्हणजे तासाला फक्त चाळीसेक किलो. कोळसा चार तास पुरतोय आणि पाणी अडीच तासात संपतंय, तर अंतर ठरवणार कोण? पाणीच ना.

आता रेल्वेवाल्यांचं बरं होतं. त्यांची लाइन त्यांची, स्टेशनं त्यांची, प्रत्येक मोठ्या स्टेशनावर स्वतःची टाकी आणि नळ. आपल्याकडे ज्यांनी स्टीमच्या काळात प्रवास केलाय त्यांना आठवत असेल, गाडी पाणी प्यायला थांबायची. इंग्लंडमधे तर जॉन रॅम्सबॉटमने 1860 मधे रुळांच्या मधे पाण्याच्या लांब पन्हळी टाकल्या, चालत्या गाडीतून खाली स्कूप सोडायचा आणि न थांबता पाणी उचलायचं. रस्त्यावरच्या इंजिनाला असं कुणीच काही करून ठेवलेलं नव्हतं. रस्ता सगळ्यांचा, ओढा कुणाचा तरी, आणि गावातली गुरांची टाकी गुरांची. त्यातून सातशे लिटर ओढून घेतलं की त्या गावात पुढच्या वेळी काय स्वागत होत असेल, विचार करा.

मग पाणी घ्यायचे कसे? इंजिनावर वॉटर लिफ्टर नावाची एक छोटीशी गोष्ट असते, आत वाफेचा जोरदार झोत सोडायचा, त्या झोताबरोबर हवा ओढली जाते, पाइपात निर्वात होतं आणि खालचं पाणी वर चढतं. एकही हलणारा भाग नाही. पाइप जाड रबराचा, आत तारेचं वेटोळं, कारण साधा पाइप घेतला तर निर्वातामुळे चपटा होऊन बसतो. टोकाला जाळी. पुलावर थांबायचं, कठड्यावरून पाइप खाली सोडायचा, वाफेचा व्हॉल्व्ह उघडायचा, मोठ्ठा आवाज होतो आणि दहा-एक मिनिटात टाकी भरते. एक मात्र आहे, हवेच्या दाबाने पाणी थिअरीत फार तर 10 मीटर चढतं, प्रत्यक्षात पाच-सहा मीटर मिळाले तरी नशीब समजा, त्यामुळे खोल दरीवरच्या उंच पुलावरून खाली छान पाणी दिसतंय आणि घेता येत नाही, असंही व्हायचं. आणि पाइपच्या जॉइंटमधे सुईएवढी फट राहिली तरी लिफ्टर नुसती हवा ओढत बसतो.

तिकडे मी एका जुन्या इंजिनावर हौशी हेल्पर म्हणून हात काळे केलेत, त्यामुळे एक युक्ती सांगतो. ओढा उथळ असेल तर जाळी सरळ पाण्यात टाकायची नाही, तळाचा गाळ, पानं, सगळं वर येतं. बादली आडवी करून पाण्यात बुडवायची आणि जाळी तिच्यात ठेवायची. गाळ बादलीच्या बाहेर राहतो. एवढी काळजी कशाला? तर टाकीतलं पाणी बॉयलरमधे ढकलतो तो इंजेक्टर, हेन्री जिफार्डचा 1858 चा शोध, आणि त्याच्या आतलं तोंड इतकं बारीक की एक काडी अडकली की संपलं.

हा इंजेक्टर अजून एका बाबतीत फार नखरेल. त्याला गार पाणी लागतं. आता गंमत बघा, लिफ्टर वाफेनेच पाणी उचलतो म्हणजे टाकीत येताना पाणी कोमट झालं, वर ऊन, टाकी गरम बॉयलरला चिकटून. पाणी हाताला चांगलंच गरम लागायला लागलं की इंजेक्टर पाणी घ्यायचं सोडून नुसता फुसफुसतो. मग फडकं गार पाण्यात भिजवून इंजेक्टरवर गुंडाळायचं, वरून पाणी ओतायचं, परत व्हॉल्व्ह उघडून बघायचं, आणि एक डोळा गेज ग्लासवर, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर, तिथली पातळी खाली खाली चाललीय. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा पंप असतो बऱ्याच इंजिनांना, पण तो इंजिन फिरत असेल तरच चालणार ना.

पातळी खाली गेली तर काय होतं? फायरबॉक्सचं, म्हणजे बॉयलरमधल्या आगीच्या पेटीचं, छत पाण्याखाली असायलाच पाहिजे, नाहीतर ते तापून लाल होतं आणि बॉयलर फुटतो. म्हणून त्या छतात शिशाचा एक प्लग बसवलेला असतो, पाणी गेलं की शिसं वितळतं आणि वाफ सरळ आगीत घुसते. जीव वाचतो, दिवस वाया जातो. आणि उताराला हे सगळं जास्त अवघड, कारण इंजिनाचं नाक खाली झालं की बॉयलरमधलं पाणी पुढे पळतं आणि मागे फायरबॉक्सचं छत उघडं पडतं. म्हणजे चढाला दमछाक होऊन, पाणी पिऊन, टेकडीच्या माथ्यावर पोचलात की लगेच उतार, आणि तेव्हाच बॉयलर नीट भरलेला हवा. शहाणा ड्रायव्हर माथ्याच्या आधीच पाणी भरून घ्यायचा.

कायद्यानेही यात भर घातली. इंग्लंडमधल्या 1865 च्या कायद्याचा लाल झेंडेवाला बऱ्याच जणांना माहिती असतो, इंजिनाच्या 60 यार्ड पुढे लाल झेंडा घेऊन चालणारा माणूस, आणि वेगाची मर्यादा गावाबाहेर ताशी 4 मैल, गावात 2. पण त्यातच असंही होतं की घोडेस्वाराने हात वर केला की इंजिन थांबवायचं, आणि रस्त्यावर सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ उडू द्यायची नाही, घोडे बुजतात म्हणून. आता आग पेटलेली आहे, इंजिन उभं आहे, वाफ तयार होतच राहणार, ती उडू द्यायची नाही तर करायचं काय? डँपर, म्हणजे आगीला हवा देणारी झडप, बंद करा आणि बॉयलरमधे गार पाणी सोडा. म्हणजे थांबण्यासाठी पण पाणी शिल्लक पाहिजे! हा नियम करणाऱ्यांपैकी किती जणांनी बॉयलर जवळून बघितला असेल, मला शंकाच आहे.

प्रदेशाप्रमाणे त्रास बदलायचा. दक्षिणेत डॉर्सेट, विल्टशरचा भाग खडूच्या दगडाचा, पाऊस पडला की सगळा खाली मुरतो, कितीतरी ओढे फक्त हिवाळ्यात वाहतात. आणि ही इंजिनं मळणीची यंत्रंही चालवायची, तो सीझन सुरू व्हायचा कापणीनंतर, म्हणजे ओढे सगळ्यात आटलेले असताना. मिळालं ते पाणीही जड, क्षार भरपूर, बॉयलरच्या आत पापुद्रे धरतात, मग धातू तापतो पण पाणी तापत नाही. त्यावर उपाय म्हणून लोक बॉयलरमधे चक्क बटाटे टाकायचे, स्टार्चमुळे क्षार घट्ट चिकटत नाहीत म्हणून. नांगरणीवाल्यांचं वेगळं, फाउलर कंपनीची दोन इंजिनं शेताच्या दोन कडांना उभी राहायची आणि मधे तारेने नांगर ओढायची, ती ओढ्यापर्यंत जाणार कशी, म्हणून घोड्याची पाण्याची गाडी दिवसभर खेपा घालायची.

आपल्या देशाशी संबंध विचाराल तर तोही आहे. आर. ई. बी. क्रॉम्प्टन या अधिकाऱ्याने पंजाबात रस्त्यावर वाफेच्या गाड्या चालवल्या, थॉमसन नावाच्या इंजिनिअरच्या, रबरी टायरवाल्या. त्यातलं एक इंजिन 1871 मधे इंग्लंडमधल्या इप्सविचहून स्कॉटलंडमधल्या एडिंबरापर्यंत नेऊन आणलं, मग भारतात. त्याचं नाव ठेवलं रावी, दुसऱ्याचं चिनाब. इतकी तहानलेली गाडी आणि नावं नद्यांची!

आज डॉर्सेट वगैरे भागात रस्त्यावरून जुनी इंजिनं हौसेने चालवतात तेव्हा सोबत टँकर असतो, किंवा पाणी कंपनीकडून मीटर लावलेला स्टँडपाइप, म्हणजे रस्त्याखालच्या नळाला जोडायचा उभा पाइप, भाड्याने घ्यायचा. नदीतून दिवसाला 20 घनमीटरपर्यंत परवान्याशिवाय घेता येतं, पण एका नदीतला पाइप धुवून वाळवल्याशिवाय दुसऱ्या नदीत टाकू नये म्हणतात, बाहेरच्या शिंपल्या, कोळंब्या पसरतात.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, वाफ परत थंड करून तेच पाणी का नाही वापरलं? चांगला प्रश्न. या इंजिनात वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोरात सोडतात, आणि त्या झोतानेच आगीला हवा मिळते, ती बंद केली तर आगच मंदावते. तरी इंग्लंडमधल्या वाफेच्या ट्रामवाल्यांना हे करावं लागलं, रस्त्यात वाफ दिसता कामा नये असा नियम होता म्हणून त्यांनी छतावर पाइपांची जाळीच्या जाळी बसवली. मालवाहू इंजिनाला ते वजन परवडणारं नव्हतं, आधीच दहा-बारा टनाचं धूड, पुलांवर वजनाच्या पाट्या. त्यापेक्षा ओढ्यावर थांबून पाइप टाकणं स्वस्त पडायचं.