डाव्या कडेचा 'एम'

[दृश्य: काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी सावकाश वर सरकत आहेत.]

या ओळींत अर्थ लागेल असा एकही शब्द नाही. मात्र डाव्या कडेला पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक ओळीच्या आरंभी इंग्रजी 'एम' हे एकच अक्षर एकाखाली एक उभे दिसते. १९८०च्या दशकात यूजनेट, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरून चालणारी सार्वजनिक चर्चा, वाचणाऱ्यांना ही खूण पुरेशी होती. हा मजकूर वाचायचा नसून उलगडायचा आहे, आणि त्याच्या आत एखादा प्रोग्राम किंवा चित्र आहे, हे ते पाहताक्षणी ओळखत.

यूजनेटची कल्पना १९७९मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रसकॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली. त्यावरील संदेश युनिक्स ही कार्यप्रणाली चालवणाऱ्या संगणकांमधून टेलिफोनच्या तारेवरून, 'यूयूसीपी' या प्रणालीने, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे आणि तेथून तिसऱ्याकडे असे पुढे जात. भारतात १९८६मध्ये सुरू झालेल्या 'एर्नेट' या शिक्षण-संशोधन संस्थांच्या संगणकजाळ्याच्या प्रकल्पातील मुंबईच्या एनसीएसटी आणि आयआयटी या संस्थांमधला आरंभीचा ई-मेलही याच प्रणालीने गेला. वाट मात्र केवळ मजकुरासाठी बांधलेली होती. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अंक, आणि बाइट म्हणजे अशा आठ बिटांचा गट. इंग्रजी मजकुराचे प्रत्येक अक्षर सात बिटांत मावते, प्रोग्रामच्या बाइटला आठही बिट लागतात. आणि वाटेतले एखादे यंत्र आठवा बिट टाकून देई किंवा एखाद्या बाइटला नियंत्रणाची आज्ञा समजून बसे. १९८२मध्ये ई-मेलच्या वहनाचे नियम लिहिले गेले, तेव्हा सात बिटांची ही मर्यादा त्यांतही कायम राहिली.

[दृश्य: कागदावर पेन्सिलीने चोवीस शून्य-एक लिहिले जात आहेत.]

यावरचा उपाय अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८०मध्ये लिहिला. त्याचे नाव 'यूयूएन्कोड', म्हणजे एका युनिक्सकडून दुसऱ्या युनिक्सकडे जाण्यासाठी केलेले रूपांतर. त्याचे गणित कागदावर करता येते. तीन बाइट घेतले की चोवीस बिट होतात. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडले की प्रत्येक गटाची किंमत ० ते ६३ यांमध्ये येते. संगणकात प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक असतो; या किमतीत ३२ मिळवले की छापता येईल अशा चिन्हाचा क्रमांक हाती लागतो. इंग्रजीतील 'कॅट' या शब्दाची तीन अक्षरे अशा रीतीने १६, ५४, ५ आणि ५२ होतात, आणि ३२ मिळवल्यावर शून्याचा अंक, व्ही, टक्क्याचे चिन्ह आणि टी अशी चार चिन्हे उमटतात.

भरलेल्या ओळीत ४५ बाइट असतात, आणि ओळीच्या आरंभी ही संख्याही त्याच रीतीने लिहिलेली असते. ४५ अधिक ३२ म्हणजे ७७, आणि ७७ म्हणजे 'एम'. डाव्या कडेचा तो स्तंभ असा उभा राहतो. शेवटची ओळ बहुधा अपुरी असल्यामुळे तिचे पहिले अक्षर वेगळे असते.

या रचनेत एक उणीव होती. शून्य किमतीसाठी कोरी जागा वापरलेली असे, आणि काही यंत्रे ओळीच्या शेवटच्या कोऱ्या जागा निरर्थक समजून छाटून टाकत. पुढे कोऱ्या जागेऐवजी उलट्या अवतरणचिन्हासारखे एक चिन्ह वापरले जाऊ लागले. त्याचा क्रमांक ९६. त्यातून ३२ वजा करून उरलेले शेवटचे सहा बिट पाहिले की पुन्हा शून्यच मिळते, त्यामुळे जुन्या पद्धतीशी मेळ बिघडला नाही. इतक्या लहान बदलाने इतके मोठे नुकसान टळावे, ही कारागिरी आम्हाला फार मोलाची वाटते.

या सोयीची किंमतही मोजावी लागे. ४५ बाइटांसाठी ओळ संपल्याच्या खुणेसह ६२ चिन्हे लागतात. सेकंदाला १२० चिन्हे पाठवणाऱ्या मोडेमवर एक लाख बाइटांची फाइल जशीच्या तशी सुमारे १४ मिनिटांत गेली असती. या रूपात तिला १९ मिनिटे लागत.

[दृश्य: संदेशांची यादी. एकाच फाइलचे क्रमांक दिलेले तुकडे, मागेपुढे झालेले.]

खरे कष्ट वाचकाच्या वाट्याला येत. फार लांब संदेश काही यंत्रे मध्येच तोडत, म्हणून पाठवणारा फाइलचे तुकडे करून त्यांना क्रमांक देई. ते क्रमाने पोहोचतीलच असे नव्हते. वाचक प्रत्येक तुकडा जतन करी, त्यावरचे पत्ते आणि खालची स्वाक्षरी पुसून टाकी, सर्व तुकडे क्रमाने जोडी आणि मगच मूळ फाइल परत मिळवणारा 'यूयूडीकोड' हा प्रोग्राम चालवी. संकुचित केलेल्या फाइलमधली एकच ओळ गळाली, तरी अनेकदा सगळा खटाटोप वाया जाई.

जून १९९२मध्ये नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ई-मेलमधून मजकुराखेरीज इतर गोष्टीही पाठवण्यासाठी 'माइम' हा मानक मांडला. त्यातील 'बेस६४' पद्धतीनेही तीन बाइटांची चार चिन्हेच होतात; मात्र ती निवडताना अक्षरे, अंक, अधिकचे चिन्ह आणि तिरकी रेघ एवढीच घेतली आहेत, कारण आयबीएमच्या मोठ्या संगणकांच्या वेगळ्या वर्णसंचातून जातानाही ती बदलत नव्हती.

आजही ई-मेलला जोडलेले छायाचित्र बहुधा याच रूपात प्रवास करते. आपल्या ई-मेलमध्ये मूळ संदेश पाहण्याचा पर्याय उघडला, तर जास्तीत जास्त ७६ चिन्हांच्या ओळी दिसतील. आणि छायाचित्र जेपेग प्रकारचे असेल, तर पहिल्या ओळीच्या आरंभी तिरकी रेघ, नऊचा अंक, लहान लिपीतले 'जे' आणि पुन्हा तिरकी रेघ, ही चार चिन्हे आढळतील.